प्रकल्प नोंदी : अजिंठ्याचा पद्मपाणी आणि अर्ध्या अंधारातली भिंत

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपण्याआधी प्रकल्पाचा हेतू लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काम अंगावर आल्यावर तो निसटणार नाही. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १ मधील पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेल्या, बोधिसत्त्वाच्या मस्तक-खांद्यांच्या भागाचा अभ्यासपट मातीच्या गिलाव्यावर करायचा आहे. आकार चार फूट उंच आणि तीन फूट रुंद ठरवला आहे. पूर्ण झाल्यावर तो आमच्या कलाशाळेच्या तळमजल्यावरील बोळात लावायचा आहे, जिथे दिवसाही उजेड कमी असतो.

ही कल्पना एका प्रश्नातून आली. गेल्या वर्षी सहलीला आलेल्या एका विद्यार्थिनीने लेण्यातून बाहेर पडताना विचारले होते, "सर, पुस्तकात तो आपल्यासमोर उभा असतो, इथे तो आपल्याकडे येतो असे का वाटते?" मी तेव्हा रेषेबद्दल आणि त्रिभंगाबद्दल, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेल्या उभ्या देहाबद्दल, काहीतरी सांगितले, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे मला बोलतानाच कळत होते. वीस वर्षे मी हे चित्र छापील पानावरून आणि पडद्यावरून शिकवत आलो. त्या दोन्ही ठिकाणी प्रकाश सपाट असतो, पाहणारा बसलेला असतो आणि चित्राला चौकट असते. अजिंठ्याच्या चित्रकाराला यांपैकी एकही गोष्ट मिळालेली नव्हती. त्याच्यासमोर होती ती कातळात कोरलेली भिंत, दाराकडून येणारा परावर्तित उजेड, तेलाचे दिवे, आणि चालत येणारा माणूस. एवढ्या साधनांवर त्याने अवकाश आणि रंग कसे योजले, हे हाताने करून समजून घ्यायचे आहे.

१३ नोव्हेंबर २०२४, अजिंठा

फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून सकाळच्या पहिल्या बसने वर गेलो. लेणी १ मध्ये एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात आणि फार वेळ थांबू देत नाहीत. ते योग्यच आहे, कारण माणसांच्या श्वासातला ओलावा या भिंतींना सोसत नाही. म्हणून मी काम असे वाटून घेतले की आत गेल्यावर फक्त पाहायचे, बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून स्मरणचित्र काढायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. दिवसभरात असे पाच वेळा केले.

चित्र दिसण्याआधी पाहणाऱ्याचे काय होते, याची नोंद मला चित्राच्या नोंदीइतकीच महत्त्वाची वाटते. ओसरीतल्या उन्हातून मधल्या दरवाजाने आत पाऊल टाकले की सुरुवातीला डोळ्यांना खांबांच्या आकृत्यांपलीकडे फारसे काही कळत नाही. सभामंडप सुमारे ६४ फूट लांब आणि तितकाच रुंद असून त्यात २० खांब आहेत. समोर सरळ रेषेत गर्भगृहातली धर्मचक्रमुद्रेतली बुद्धमूर्ती आहे, आणि नजर आपोआप तिकडे जाते. पद्मपाणी मागच्या भिंतीवर, अंतराळाच्या (गर्भगृहापुढच्या लहान दालनाच्या) दाराच्या डाव्या हाताला आहे, तर उजव्या हाताला वज्रपाणी म्हणून ओळखला जाणारा दुसरा बोधिसत्त्व आहे. मधल्या वाटेने चालत गेले तर खांब या दोघांना कधी झाकतात, कधी मोकळे करतात.

तिसऱ्या फेरीत मी प्रदक्षिणेच्या रीतीने आत शिरताच डावीकडे वळलो आणि खांबांमागच्या वाटेने गेलो. त्या वाटेवर आधी डाव्या भिंतीवरच्या महाजनक जातकाची (बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेची) गर्दी लागते : महाल, सेवक, नर्तकी, वादक, घोड्यावर बसून निघालेला राजा. माणसे साधारण एका मापाची, एकमेकांना खेटून आहेत. डोळा कुठेच स्थिरावत नाही, तो त्यांच्याबरोबर पुढे सरकत राहतो. मग कोपरा येतो, मागची भिंत सुरू होते, आणि त्या सगळ्या गर्दीनंतर एकच प्रचंड, खाली नजर लावलेला चेहरा समोर येतो. त्याची मान त्याच्या उजवीकडे, म्हणजे ज्या बाजूने आपण येतो त्या बाजूला झुकलेली आहे. मधल्या वाटेवरून पाहताना हा झुकाव मला केवळ देहाच्या लयीचा भाग वाटला होता. डाव्या वाटेने आल्यावर तो येणाऱ्यासाठी केलेला वाटतो.

आणखी एक गोष्ट. अंधार पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो, पण बराचसा फरक पहिल्या दहाएक मिनिटांतच पडतो. महाजनकाची कथा नीट पाहत, थांबत कोपऱ्यापर्यंत यायला साधारण तितकाच वेळ लागतो. म्हणजे पद्मपाणी समोर येतो तेव्हा डोळे त्याला पाहण्याजोगे झालेले असतात. हे चित्रकाराने ठरवून केले असे मी म्हणणार नाही. मात्र या जागेत रोज वावरणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आले नसेल, हेही मला पटत नाही.

१४ नोव्हेंबर २०२४, अजिंठा

आजचा दिवस लेणी १७ साठी राखून ठेवला होता. डाव्या भिंतीवरच्या विश्वंतर जातकात अवकाशाची रचना कशी आहे, एवढेच पाहायचे होते.

आपण ज्याला यथार्थदर्शन म्हणतो, त्यात सगळ्या रेषा एका बिंदूकडे पळतात आणि तो बिंदू पाहणाऱ्यालाही एका जागी उभे करतो. इथे तसा बिंदू नाही. महालाचे खांब समोरून दिसतात, छप्पर थोडे वरून दिसते, बाजूची भिंत तिसऱ्याच कोनातून, आणि आत बसलेली माणसे कोणत्याही खांबाने झाकली जाणार नाहीत अशी मांडलेली आहेत. पाहणारा एकाच वेळी बाहेर उभा असतो आणि आतही असतो. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना चौकट लागत नाही. कधी एखादा खांब, कधी दरवाजा, कधी पाठमोरी वळलेली एखादी आकृती आपल्याला पुढच्या प्रसंगात नेऊन सोडते. अरण्य सुरू झाले हे सांगायला ठोकळ्यांसारखे, कोनदार खडक येतात. हे खडक मला फार दिवस अनाडी वाटत आले होते. आज लक्षात आले की त्यांची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद ठेवल्यामुळे ते भिंतीतून बाहेर ढकलल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्यामधल्या सपाट, काळपट जागेत माणसे सुरक्षित बसवता येतात. १९३७ मध्ये कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी अजिंठ्याच्या चित्राबद्दल लिहिले होते की ते खोलात जात नाही, पुढे येते. ते वाक्य मी वर्गात अनेकदा वापरले आहे, पण त्याचा अर्थ आज या खडकांपाशी कळला.

अंतराळात यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर भिक्षापात्र घेऊन उभा असलेला बुद्ध आहे. बुद्ध प्रचंड, आई आणि मूल अगदी लहान. अंतराने लहान-मोठे होणे हा नियम इथे लागूच होत नाही. ती दोघे बुद्धाच्या पायांजवळच आहेत. तिथे उभे राहिल्यावर आपली स्वतःची उंची त्या मुलाच्या मापाने मोजली जाते. मला बराच वेळ पुढे जाववले नाही.

२४ नोव्हेंबर २०२४

गिलाव्याला सुरुवात केली. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. कातळावर मातीचे थर, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक किंवा सरस यांसारख्या बांधणीत कालवलेले रंग, अशी ती रीत आहे. मी लाकडी चौकटीवर बांबूच्या कामट्या ठोकून त्यांवर काळी-पिवळी माती मिसळून थर दिला. तूस शेजारच्या गिरणीतून आणले.

३० नोव्हेंबर २०२४

पहिला थर तडकला. मीच घाई केली होती. माती दोन दिवससुद्धा भिजत ठेवली नव्हती आणि थर एका हातात जाड दिला होता. आमच्या गल्लीत जुन्या वाड्यांची कामे केलेले एक गवंडीकाका राहतात, त्यांना बोलावले. त्यांनी माती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, ही अजून आंबली नाही. आठ दिवस पाय द्या तिला, मग थापी घ्या." सगळा गिलावा उतरवून माती पुन्हा भिजत घातली. वेळापत्रक दहा दिवसांनी पुढे गेले.

१२ डिसेंबर २०२४

दुसरा गिलावा चांगला बसला. वर चुन्याचा हात देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटून घेतला. घोटल्यावर पृष्ठभागाला जी मंद लकाकी येते, ती मला महत्त्वाची वाटते, कारण कमी उजेडात हीच लकाकी प्रकाश परत फेकणार आहे.

आज गेरूने रेखाटन केले. चेहरा अंड्याच्या आकाराचा, भुवयांची धनुष्यासारखी एकच ओघवती ओळ, पापण्या कमळाच्या पाकळीसारख्या. भुवईची रेषा सात वेळा पुसली. ती थोडीशी सरळ झाली तरी चेहरा चिंताग्रस्त दिसतो, आणि थोडी जास्त वाकली की नाटकी दिसतो.

१५ डिसेंबर २०२४

रंगांची तयारी. गेरू, हिरमुंजी (गडद तांबडी माती), पिवडी (पिवळी माती), काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि शाडू, हिरव्यासाठी हिरवी माती. काजळी सोडली तर हे सगळे रंग अजिंठ्याच्या परिसरातल्या दगड-मातीतून मिळण्याजोगे होते. अपवाद निळ्याचा. लेणी ९ आणि १० मधल्या, इसवी सनापूर्वीच्या चित्रांत निळा सापडत नाही. तो वाकाटक काळात, म्हणजे पाचव्या शतकातल्या लेण्यांत येतो, आणि तो लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा आहे, आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. वाकाटक सम्राट हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने लेणी १६ खोदवली, असे तिथला शिलालेख सांगतो. असे दाते असलेल्या काळातच इतक्या दुरून येणारा दगड भिंतीवर कुटून लावणे शक्य झाले असेल.

खरा लाजवर्द मी फक्त दहा ग्रॅम घेतला. तो मुकुटातल्या रत्नांपुरता वापरणार आहे. मोठ्या क्षेत्रासाठी कृत्रिम अल्ट्रामरिन घेतला, जो रासायनिक दृष्ट्या त्याच रंगद्रव्याचा भाऊ आहे आणि १८२८ पासून फ्रान्समध्ये बनू लागला. पाट्यावर वाटताना दोघांतला फरक जाणवला : कृत्रिम निळा एकसारखा आणि ओरडणारा आहे, खऱ्यात मधूनच राखाडी व पांढरे कण राहतात आणि त्यामुळे तो आपसूक मवाळ होतो.

२१ डिसेंबर २०२४

त्वचेचे काम सुरू आहे आणि इथेच माझे सगळे शिक्षण आडवे येत आहे. हात आपोआप एक दिवा कल्पून एका बाजूला सावली घालतो. आम्हाला तसेच शिकवले गेले. पद्मपाणीच्या चेहऱ्यावर मात्र सावली कोणत्याच बाजूने पडलेली नाही. कडांकडे रंग गडद होत जातो आणि जो भाग पुढे आलेला आहे, तो उजळ आहे : नाकाचा दांडा, हनुवटी, खालचा ओठ. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्र या चित्रकलेवरच्या भागात याला वर्तना म्हटले आहे आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत : पानाच्या शिरांसारख्या रेषांची पत्रज, अतिसूक्ष्म अशी ऐरिक, आणि ठिपक्यांची बिंदुज. त्याच ग्रंथात असेही आहे की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची, स्त्रियांना अलंकरण आवडते, आणि इतर जनांना रंगांची समृद्धी. मला वाटते, इथे भिंतीसमोरच्या चार प्रकारच्या पाहणाऱ्यांची नोंद झाली आहे, आणि अजिंठ्याच्या चित्रकाराने चौघांनाही रिकाम्या हाती पाठवलेले नाही.

दिव्याची जागा चित्रात ठरवलेली नसल्यामुळे एक गोष्ट साधते. प्रत्यक्ष लेण्यात दिवा कुठेही असो, दारातून उजेड कुठूनही येवो, चित्रातली सावली त्याच्याशी भांडत नाही. सकाळी ज्या बाजूने उजेड येतो त्या बाजूने चेहरा उठून येतो, दुपारी दुसऱ्या बाजूने. माझ्या पटावर मी डाव्या गालावर घातलेली सावली आज ओल्या फडक्याने पुसून काढली. पुसल्यावर चेहरा तासाभरात शांत झाला.

२८ डिसेंबर २०२४

आजची नोंद लांब होईल, कारण आज ज्या गोष्टीची मी वाट पाहत होतो, तिची चाचणी घेतली.

पट एका बंद खोलीत उभा केला. पहिल्या वेळी दार थोडे किलकिले करून बाहेरचे ऊन पांढऱ्या चादरीवर पाडले आणि चादरीवरून परतलेला उजेड पटापर्यंत येऊ दिला. दुसऱ्या वेळी दार बंद करून तिळाच्या तेलाचे चार दिवे जमिनीवर ठेवले. दोन्ही वेळा खोलीत आधी पंधरा मिनिटे बसून डोळे सरावू दिले.

चादरीवरच्या उजेडात गेरू आणि हिरमुंजी खाली बसले, जवळजवळ काळपट झाले, आणि निळा व हिरवा अपेक्षेपेक्षा उजळ दिसू लागला. मंद प्रकाशात मानवी डोळा लाल रंगाला कमी आणि निळ्या-हिरव्याला अधिक दाद देतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. पार्श्वभूमीची झाडी मागे सरकण्याऐवजी चेहऱ्याच्या भोवती हळूहळू जागी होत होती, आणि मुकुटातली लाजवर्दाची चार रत्ने त्या सगळ्यात आधी दिसत होती.

दिव्यांच्या उजेडात याच्या नेमके उलटे झाले. तेलाच्या ज्योतीत निळ्या रंगाचा अंश फारच थोडा असतो, त्यामुळे निळा विझला आणि काजळीत मिसळून गेला; त्वचेतली पिवडी आणि हिरमुंजी मात्र उबदार होऊन पुढे आली. नाकावरची पांढरी रेघ आणि गळ्यातल्या मोत्यांचे पांढरे ठिपके या दोन्ही उजेडांत टिकून राहिले. ज्योत हलली की मोती हलतात. मोत्यांवरचे पांढरे ठिपके मी बाकीच्या रंगापेक्षा थोडे जाड लावले होते, म्हणून खालून येणाऱ्या प्रकाशात त्यांची बारीक सावलीही पडत होती.

तर एकच भिंत दिवसा निळ्या-हिरव्याची आणि संध्याकाळी लाल-पिवळ्याची होते, आणि दोन्ही वेळी तिला बांधून ठेवतात ते पांढरे ठिपके. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, रोज त्याच भिंतीसमोर वावरणाऱ्या भिक्षूंनी हे बदलणे रोज पाहिले असणार. त्यांच्यासाठी हे एकच चित्र नव्हते. हे लिहिताना मला खरोखर आनंद होत आहे, कारण गेली वीस वर्षे मी विद्यार्थ्यांना 'अजिंठ्याचा रंग' असे एकवचनात शिकवत होतो.

एक खबरदारीची नोंद. आज भिंतीवर जे रंग दिसतात, त्यांवरून मूळ रंगांबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात प्रती करताना आणि पुढे १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांच्या हातून, भिंतींवर व्हार्निश आणि लाख लागली. उखडणारे रंग त्यामुळे काही अंशी टिकले, पण तो थर पिवळा पडत गेला आणि पिवळ्या थराखाली निळा हिरवट दिसतो. पुरातत्त्व खात्याने नंतर अनेक ठिकाणी हा थर काळजीपूर्वक उतरवला आहे.

३ जानेवारी २०२५

प्रतींचा इतिहास पुन्हा वाचला, कारण माझीही एक प्रतच आहे आणि आधीच्यांचे काय झाले ते डोळ्यांसमोर असावे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून केलेल्या तैलप्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून नव्या प्रती करवून घेतल्या. त्या कामात पेस्तनजी बोमनजी आघाडीवर होते. त्यांतल्याही पुष्कळ प्रती लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. त्या पिढीच्या हातांबद्दल मला अतिशय आदर आहे. तरीही कॅनव्हासवर तैलरंगात, चौकटीत, दालनाच्या उजेडात उभी केलेली प्रत पाहणाऱ्याला पुन्हा एका जागी उभे करते, आणि छापील पानांवरून शिकवताना मी तेच पुढे चालवले.

८ जानेवारी २०२५

पापण्यांखालची रेषा आणि बुबुळे सर्वांत शेवटी ठेवली होती. सकाळी दारावरच्या चादरीच्या उजेडातच ती काढली, ट्यूबलाइट न लावता. रेषा थोडी जाड आली आहे. ती तशीच ठेवतो, कारण पाच पावलांवरून ती बरोबर दिसते आणि बोळातून चालणारा माणूस तिला साधारण तेवढ्याच अंतरावरून पाहील.

११ जानेवारी २०२५

पट बोळात लावला. आधी तो डोळ्यांच्या उंचीवर, आपण चित्रे लावतो तसा लावला होता. दोन तास थांबून पाहिले. मुले येत होती, समोर उभी राहत होती, मोबाइलवर फोटो काढून जात होती. पद्मपाणीची खाली झुकलेली नजर त्यांच्या छातीच्याही खाली, जमिनीवर कुठेतरी पडत होती. दुपारी गवंडीकाकांना पुन्हा बोलावून पट दीड फूट वर घेतला आणि बोळाच्या डाव्या भिंतीवर, वळणाच्या पलीकडे सरकवला. आता तो दारातून दिसत नाही. वळण घेतल्यावर दिसतो, आणि तोही आधी बाजूने. बोळातली ट्यूबलाइट काढून टाकण्याची परवानगी मिळाली आहे. उजेड फक्त टोकाच्या दारातून, फरशीवरून परतून येतो.

संध्याकाळी तीच विद्यार्थिनी, जिने तो प्रश्न विचारला होता, वर्ग संपवून बोळातून गेली. वळणावर तिची चाल मंदावली, पटाच्या अलीकडे दोन पावले ती थांबली, आणि मग पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. उजेड उतरत होता, हिरवी पार्श्वभूमी जागी होऊ लागली होती. मी दिवे आणायला आत गेलो.